उसाकडचा सेक्टर

शौकतभाई, तुमचा फोन अजून चालू आहे. परवा मी लावून पाहिला. का लावला ते विचारू नका, सात वर्षांची सवय आहे. पाच-सहा रिंगा झाल्या आणि भाभींनी उचलला. म्हणाल्या, "'मॅडम ऑफिस' असं आलं, म्हणून घेतला. बाकी कुणाचे घेत न्हाई मी." मिनिटभर लाईन तशीच चालू राहिली. तुम्ही असता तर म्हणाला असता, कॉल लागलाय न्हवं, मग बोला की, नेटवर्क फुकट जातंय.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी दौंडला तुमच्या घरी आले होते. दाराशी तुमची जाड तळाची बुटं होती, आणि टॉवरवर चढताना घालायचा तो पट्टा खुंटीला टांगलेला होता. भाभींनी विचारलं, हा कंपनीला परत द्यायचा असतो का? मला माहीत नव्हतं. ज्या माणसाने माझ्या पंचेचाळीस टॉवरांची देखभाल केली, त्याचा पट्टा कुणाचा, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या. मग निघताना त्यांनी दुसरं काहीतरी मागितलं. "त्यांचा आवाज हाय का वो तुमच्याकडं? ते म्हणायचे, हापिसात माझा आवाज भरून ठेवलाय. थोडा द्या मला मोबाईलवर."

आहे, म्हटलं. भरपूर आहे. देते.

तो आवाज शोधायला बसले, म्हणून हे लिहावं लागतंय. तुमचं कौतुक करायला बसले असते तर सोपं गेलं असतं. तुमच्या कौतुकाला माणसं खूप आहेत, कासुर्डीपासून कुरकुंभपर्यंत. मला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक मी पाच वर्षं लपवली, आणि दुसरी मलाच गेल्या आठवड्यात कळली.

आधी तुमचा तो टेस्ट कॉल. एखाद्या टॉवरचं काम झालं की तिथून एक फोन करून बघायचा, आवाज नीट जातो का, मध्येच तुटतो का, ही आपली रीत. त्यासाठी माझ्या टेबलावर एक वेगळा फोन असायचा. तो तुमचा कॉल आपोआप उचलायचा, दोन मिनिटं रेकॉर्ड करायचा आणि तोडून टाकायचा. बाकीचे तंत्रज्ञ त्या दोन मिनिटांत हॅलो हॅलो, वन टू थ्री करायचे. तुम्ही मात्र गप्पा मारायचात. पलीकडे कुणी नाही हे ठाऊक असून. "मॅडम, आज राहूला आलोय. इथल्या आज्जीनं वांग्याचं भरीत दिलंय. तुम्ही डब्यात काय आणलंय? ब्रेड? ब्रेड खाऊन माणूस टॉवरवर चढंल का?" मी नवीन नवीन नोकरीला लागले होते. पुण्याच्या ऑफिसात काचेच्या खोलीत बसून तुमची ती दोन मिनिटं अख्खी ऐकायचे आणि एकटीच हसायचे. खरंतर मला पहिले दहा सेकंद ऐकून शेरा मारायचा असायचा: आवाज स्पष्ट, ओके. पण मी पुरतं ऐकायचे. सुरुवातीला.

मग तो उन्हाळा आला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. मी बॅग भरून शिरूरला आईबाबांकडे आले. गॅलरीत शिवणयंत्राचं टेबल रिकामं केलं, त्यावर लॅपटॉप मांडला, शेजारी तो टेस्ट कॉलचा फोन. आपले शिरूर आणि दौंड तालुक्यांतले सगळे टॉवर त्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसायचे. कामाचा ताण कमी असला की हिरवा, वाढला की पिवळा, गुदमरला की लाल.

लोकांना वाटतं लॉकडाऊनमध्ये सगळं शांत झालं होतं. माझ्या पडद्यावर या, म्हणजे कळेल. आधी रोजचं एक चालणं असायचं. सकाळी सातला कुरकुंभला कारखान्यांची पाळी बदलायची, तिथला ठिपका पिवळा व्हायचा. मग हायवेवरचे टॉवर एकामागोमाग जागे व्हायचे, माणसं पुण्याकडे सरकायची, संध्याकाळी तशीच परत यायची. मी नकाशाकडे न बघता वेळ सांगू शकत होते. आठवड्याभरात ते चालणं बंद पडलं. हायवे हिरवागार. पुण्यातले ऑफिसांचे टॉवर ओस. आणि ज्या गावांकडे आम्ही कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती लाल. पुण्याहून गावी आलेला प्रत्येक जण दुपारी बारा वाजता व्हिडीओ लावून बसलेला. पोरांच्या शाळा फोनवर, साहेबांच्या मीटिंगा फोनवर, कीर्तनं फोनवर, दहाव्याला हजेरीसुद्धा फोनवर. माणूस हलायचा थांबला आणि त्याचा सगळा भार एकाच टॉवरवर येऊन बसला. लोक आम्हाला शिव्या घालत होते की नेट का चालत नाही. मी दिवसाला चौदा तास त्या गॅलरीत बसून इकडचं तिकडे करत होते.

हलत होतात ते तुम्ही एकटे. तुमच्याकडे अत्यावश्यक सेवेचा पास, गळ्यात ओळखपत्र, तोंडाला भाभींनी शिवलेला मास्क आणि ती खडखडणारी मोटरसायकल. गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या आणि दगड टाकले होते. इतरांना नाव विचारायचे, तुम्हाला दोनदा विचारायचे. तो काळ तुमच्या नावाला बरा नव्हता. ज्या गावात तुम्ही दहा वर्षं जेवलात, तिथे एकाने तुम्हाला काठी आडवी धरून आधारकार्ड मागितलं. तुम्ही मला ते हसत सांगितलंत. "दाखवलं की. म्हटलं, फोटू बघून घ्या, नाव वाचू नका." मी हसले नाही, पासची मुदत कधी संपते ते विचारलं.

आता आजोळाकडे येते. भीमेकाठचं माझं आजोळ, त्याचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिथला टॉवर मला अंगणासारखा ओळखीचा. प्रत्येक टॉवरला तीन दिशांना तोंडं असतात, त्यांना आपण सेक्टर म्हणतो. तिथला एक गावठाणाकडे, एक रस्त्याकडे आणि तिसरा नदीकडे, म्हणजे नुसत्या उसाकडे. त्या तिसऱ्या सेक्टरला काम असं नव्हतंच. मोटर चालू करायला आलेला एखादा शेतकरी, आणि लांबवर एक छोटी वस्ती. आणि अचानक रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे पाच-सहा फोन एकदम बोलायला लागले. तासभर. मग चिडीचूप.

मला गंमत वाटली. तुम्हाला फोन करून म्हटलं, "शौकतभाई, आमच्या आजोळच्या उसाला फोन फुटलेत बघा." तुम्ही एरवी अशा वेळी काहीतरी भारी उत्तर द्यायचात. त्या दिवशी नुसतं "असंल कुणीतरी" म्हणालात आणि दुसरं बोलायला लागलात.

दुसऱ्या दिवशी तो सेक्टर बंद.

मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "उंदरानं केबल कुरतडली." मी इथून तपासलं. केबल ठणठणीत होती, सेक्टर हाताने बंद केलेला होता. माझं डोकं फिरलं. त्या बाजूच्या वस्तीवर एक बाळंतीण होती, दोन मुलींचे शाळेचे तास चालू होते, त्यांच्या बापाचे मला थेट फोन यायला लागले होते. मी तुम्हाला वाटेल ते बोलले. खोटं का बोललात, कुणाच्या परवानगीने बंद केलात, त्या बाईला काही झालं तर जबाबदार कोण. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "मॅडम, चार दिवस द्या. पाया पडतो." मी दिले नाहीत. एवढंच नाही, वर ऐकवलं की यापुढे कामाशिवाय फोन करायचा नाही. जे काही असेल ते टेस्ट कॉलवर सांगा, मी ऐकतेच ते.

या भांडणात मी चूक होते असं मला अजूनही वाटत नाही. हे तुम्हाला मेल्यावरही ऐकवणार मी. बाळंतिणीचा फोन बंद ठेवून कुणाला वाचवायचं असेल, तर ते आधी मला सांगायला हवं होतंत. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत. मग पुढचं आठवतं आणि वाटतं, बरं झालं नाही ठेवला.

कारण ज्या संध्याकाळी मी तुम्हाला बोलले, त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. माझा मामा गावच्या दक्षता समितीत. बाहेरून कोण आलं, कोण कुठे उतरलं, याचा हिशेब ठेवणारी ती समिती. इकडचं तिकडचं झाल्यावर तो कौतुकाने म्हणाला, "वैशू, घरात बसून काय गं दिसतं तुला त्या कंपुटरात?" आणि मी, दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्लेली, तुमच्यावर चिडलेली, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कामाबद्दल विचारलं म्हणून फुशारले. म्हटलं, "सगळं दिसतं मामा. तुमच्या गावात नदीच्या बाजूला, उसाकडे, पाच-सहा माणसं नवीन राहायला आलीत. तुम्हा समितीवाल्यांना पत्ता तरी आहे का?"

हे एवढंच. ही ती पहिली गोष्ट. मी सांगितलं, शौकतभाई. कुणी विचारलं नव्हतं, धाक घातला नव्हता. मिरवायला सांगितलं. आणि नियम असा की टॉवरच्या पडद्यावर दिसलेलं बाहेर बोलायचंच नाही. तुम्हाला नियम ऐकवून दोन तास झाले नव्हते.

आठवड्याने मामाचा पुन्हा फोन. आता तो मला सांगत होता, मीच सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं ते. "तुझं बराबर निघालं गं. उसापल्याड कोंबड्यांचं शेड हाय न्हवं, रिकामं पडल्यालं, त्यात हुती. कुरकुंभच्या कंपनीतली भय्या लोकं. चार बाप्ये, एक बाई आन् एक बारकी पोरगी. आन् लपवली कुणी? तुमच्या त्या टॉवरवाल्या शौकतनं! तुझा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळीच गेलो आम्ही. मारलं-बिरलं न्हाई हां कुणाला. दोन तासांत निघा म्हटलं. बिस्किटाचे पुडे बी दिले."

मामा वाईट माणूस नाही. हे लिहिताना मला त्याचा राग येतोय आणि तरी हे खरं आहे. त्या महिन्यात त्याच्या शेजारचे दोघं दवाखान्यातून परत आले नव्हते. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला मी पत्ता दिला.

बाकीचं मी नंतर तुकड्या-तुकड्याने गोळा केलं. कुरकुंभला त्यांचा ठेकेदार फोन बंद करून गायब झाला. खोलीमालकाने खोली सोडायला लावली. पुण्याहून गावाकडे गाडी सुटणार अशी एक अफवा त्यांच्या फोनवर फिरत फिरत आली, आणि तेवढ्यावर ते हायवेने चालत निघाले. कासुर्डीपर्यंत आल्यावर पुढे जाऊ दिलं नाही. तिथे तुम्हाला भेटले. कोंबड्या खाल्ल्याने रोग होतो या दुसऱ्या अफवेने ते शेड आधीच रिकामं झालं होतं, आणि टॉवरही त्याच मालकाच्या रानात, म्हणून तुमची ओळख. मालक म्हणाला, ठेवा, पण माझं नाव येता कामा नये. नाव आलं ते तुमचं. तुम्हाला त्या गावाने दोन महिने टॉवरपर्यंत जाऊ दिलं नाही. तुमच्याऐवजी मी दुसरा माणूस पाठवत राहिले आणि नोंदीत लिहिलं: स्थानिक अडचण.

ते सहा जण निघाले त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर एक मौज झाली होती. तेव्हा मला मामाचं काहीच कळलेलं नव्हतं. सगळा तालुका थिजलेला, आणि ओसाड रस्त्यांवरच्या टॉवरांवर एक बारीकसा भार, एकावरून दुसऱ्यावर, हळूहळू सरकत चाललेला. गाडीचा वेग नव्हता तो. मी त्याचं चित्र काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं: बघा, कुणीतरी फिरायला निघालंय. सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी पूर्वीसारखे वागलात, आणि हेच मला सहन होत नसे. मामाकडून कळल्यावर मी ठरवलं होतं, तुम्ही जाब विचाराल तेव्हा सांगून टाकायचं. तुम्ही विचारलंच नाहीत. वर्षाने रस्ते मोकळे झाले, मी ऑफिसला जायला लागले, तुम्ही माझ्या लग्नाला दौंडहून भाभींना घेऊन आलात. प्रेशर कुकर दिलात आणि नवऱ्याला म्हणालात, "आमच्या मॅडमला ब्रेड देऊ नका." प्रत्येक भेटीत मी तयारी करून यायचे. तुम्हाला चहा लागायचा, दुसरा चहा लागायचा, आणि मी घरी परतताना गाडीत तेच वाक्य पुन्हा घोळवायचे.

एकदाच अगदी जवळ आले होते. कुरकुंभच्या फाट्यावर, चहाच्या टपरीवर. पाळी सुटली होती, समोरून माणसांचा लोंढा चालला होता. तुम्ही प्रत्येकाचा चेहरा बघत होतात. मी म्हटलं, कुणाला शोधताय? तुम्ही म्हणालात, "दयाराम नावाचा हुता एक. त्याची पोरगी मला टावरचाचा म्हणायची. फोन बंद लागतो. गेला असंल घरी पोचून, नंबर बदलला असंल." मी ग्लास खाली ठेवला. म्हटलं, शौकतभाई, त्या वेळी मी… आणि तुम्ही मला पुढे बोलूच दिलं नाहीत. हात वर केलात. "ऱ्हाऊ द्या मॅडम. मला समजतं. तुमच्याबी नोकरीचा प्रश्न हुता. नियम तो नियम. मी कवाच मनात धरलं न्हाई."

मला वाटलं, तुम्ही सेक्टरच्या भांडणाबद्दल बोलताय. मला वाटलं, चला, निदान तेवढं तरी मिटलं. आणि मी उरलेलं गिळून टाकलं. चहा संपवला. खारी मागवली.

आता गेल्या आठवड्याचं. भाभींना तुमचा आवाज द्यायचा म्हणून मी दुपारी जुना लॅपटॉप काढला. ऑफिसातले आधीचे टेस्ट कॉल त्यात उतरवलेले होते, आणि लॉकडाऊनमधले तर थेट माझ्याच मशीनवर साठायचे. तुमचे ढिगाने होते. मी एखादा गमतीचा निवडायला लागले, भरीत, आंबे, असा काहीतरी. तेव्हा लक्षात आलं की त्या उन्हाळ्यातला एकही कॉल मला आठवत नाही. आठवणार कुठून? कामाचा डोंगर होता, मी पहिले दहा सेकंद ऐकून शेरा मारत होते. आवाज स्पष्ट, ओके. आवाज स्पष्ट, ओके. पानंच्या पानं.

आजोळच्या टॉवरचा एक कॉल सापडला. आपल्या भांडणानंतरचा दुसरा दिवस. संध्याकाळचा. म्हणजे ते लोक निघाले तो दिवस. त्यानंतर दोन महिने तुम्हाला त्या गावात पाऊल ठेवू दिलं नाही, तेव्हा त्या उन्हाळ्यातला तिथला तुमचा तो शेवटचाच. शेजारी माझा शेरा होता, तोच. मी तो कॉल पाच वर्षांनी पहिल्यांदा पुरता ऐकला. तुम्ही काय म्हणालात ते मी उतरवून काढलंय. तुम्हाला तुमचेच शब्द ऐकवणं विचित्र आहे, पण कुणीतरी एकदा ते ऐकल्याची पोच द्यायला हवी.

"हॅलो. हॅलो. उसाकडचा सेक्टर कालच चालू केलाय मॅडम, चेक करून घ्या." हे झाले दहा सेकंद. मग मोठा श्वास. "मॅडम, तुम्ही म्हणला टेस्ट कॉलवर सांगा, म्हणून हितं सांगतोय. मी खोटं बोललो, उंदीर न्हवता. शेडात मी माणसं ठेवली हुती. आज सकाळी त्यांना काढलं गावानं. मी आलो तवर गेलती. मी पाटसपतोर जाऊन आलो, कुरकुंभला जाऊन आलो, कुठं न्हाईत. त्यांचा फोन लागंना, चार्जिंग सपलं असंल, न्हाईतर घाबरून घेत नसतील. बारकी पोरगी हाय मॅडम. साधा ताप हाय तिला, पर औषधाची बाटली माझ्याकडंच ऱ्हायली." मागे मोटरचा आवाज येतो. "तुम्हाला उसातले फोन दिसले न्हवं? मग आताबी दिसत असतील. कुठल्या टावरला हायेत तेवढं सांगा. मी कुणाला बोलणार न्हाई. नियमात बसत नसंल तर टावर बी सांगू नका, नुसती दिशा सांगा. दौंडकडं का शिरूरकडं, एवढंच. मी हितंच थांबतो टावरखाली, तुमचा फोन येईस्तवर. आन् नाही आला तरी मी समजून…"

दोन मिनिटं झाली. मशीनने तोडलं.

किती वेळ थांबलात, शौकतभाई? टपरीवरच्या तुमच्या त्या बोलण्याचा अर्थ मला आता कळला. तुम्हाला वाटत होतं, मी ऐकलं. ऐकून, नोकरीला घाबरून, फोन केला नाही. आणि त्यावर तुम्ही मला माफसुद्धा करून टाकलंत, लग्नात कुकर आणलात. जे मी केलं त्याची माफी मागायला मला जमलं नाही, आणि जे केलंच नाही त्याची तुम्ही न मागता देऊन गेलात. मी तुम्हाला नाही म्हटलं नव्हतं हो. मी ऐकलंच नव्हतं. हे त्याहून बरं आहे का, ते मला ठरवता येत नाही. बहुतेक नाही.

भाभींना मी भरिताचा कॉल पाठवला. त्यांनी तो चार वेळा ऐकल्याचं कळवलं. म्हणाल्या, "तुमच्याशी काय काय बोलायचे, घरात नुसते झोपायचे."

मी मग ऑफिसच्या ग्रुपवर मागे मागे गेले आणि माझं ते चित्र शोधलं. हसऱ्या चेहऱ्यांसकट अजून तिथेच आहे. माझ्या पडद्यावर फोनचे नंबर दिसत नाहीत, नुसता भार दिसतो, त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या दोन दिवसांत दोन्ही तालुक्यांत त्या चालीने चालणारं दुसरं कुणी नव्हतं. मी चित्रावरच्या वेळा उतरवून काढल्या. तुम्ही विचारलं होतंत, म्हणून सांगते.

तुम्ही पाटसच्या रस्त्यावर होतात तेव्हा ते भीमेचा पूल ओलांडत होते. तुम्ही टॉवरखाली माझ्या फोनची वाट बघत थांबलात तेव्हा ते न्हावऱ्याच्या अलीकडे बसले होते, तुमच्यापासून मोटरसायकलने अर्ध्या तासावर. तिथून सकाळपर्यंत हलले नाहीत. पोरीचा ताप असेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही दौंड स्टेशनला जाऊन आलात, असं भाभी म्हणाल्या. त्या दुपारी ते शिरूरच्या बाजारातून गेले. आमच्या गॅलरीतून तो रस्ता दिसतो, मी पडद्याकडे बघत होते. पाच वाजता घोडनदीच्या पुलावर. त्यापुढे माझा नकाशा संपतो.

शिरूरकडे, शौकतभाई. ते शिरूरकडे गेले.